या जागेवर आधी कोण राहत होते?

(विहाराच्या वर्धापनदिनी शिरगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एकच जण उभा असला तरी बोलणे तिघांचे आहे. विहाराच्या जागेचे कागद शोधण्याचे काम समितीने आम्हा तिघांवर सोपवले होते. म्हणून या भाषणात 'मी' येणार नाही, 'आम्ही' येईल. चूक झाली असेल तर तीही तिघांची.

दरवर्षी वर्धापनदिनाला आपण या विहारात जमतो. वंदना होते, भाषणे होतात, खीर होते. आत येताना उजव्या हाताला संगमरवरी पाटी आहे. त्या पाटीवर 'जागा दान' असे लिहून आपल्या वस्तीतल्या एका मानाच्या आजोबांचे नाव कोरलेले होते. आम्ही लहानपणापासून ती पाटी वाचत आलो. अक्षरओळख झाल्यावर पहिले वाचलेले नाव तेच असेल! ती पाटी चुकीची असेल असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

गोष्ट सुरू झाली ती पावसामुळे. तुम्हाला ठाऊकच आहे, दोन पावसाळे आपण वंदनेला बसताना बादल्या मांडून बसलो. पत्रे सडले, भिंतीला ओल आली. समितीने ठरवले की आता पत्रे नकोत, स्लॅबच टाकू, आणि वर मुलांच्या अभ्यासासाठी एक खोली काढू. वर्गणी सुरू झाली. बांधकामाची परवानगी मागायला गेलो तेव्हा साधा प्रश्न आला, "जागेचा कागद आणा." आम्ही घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या. उत्तर आले, "ही पट्टी भरल्याची पावती झाली. जागा कोणाची, ते यावरून ठरत नाही."

बंधूंनो, हे उत्तर आम्हाला त्या दिवशी अडवणूक वाटले. परंतु ते बरोबर होते. घरपट्टी ज्याच्या नावाने भरली जाते तोच मालक, असे कायदा मानत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या आणि वीजबिलाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, आणि आपण समजतो की घर आपले पक्के झाले. म्हणून विहाराची हकीगत सांगता सांगता, स्वतःच्या घराचा मागचा मालक कसा शोधायचा, तेही आज सांगणार आहोत. हे काम प्रत्येक घराने करावे असे आम्हाला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट. आपली वस्ती गावठाणात आहे. शेतजमिनीला सातबारा असतो, हे शाळेतले पोरही सांगेल. गावठाणातल्या घराला मात्र सहसा सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही पाहावी लागते, आणि नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ती. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून अशा पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. मोजणीला माणसे येतात तेव्हा आपण कामावर असतो आणि शेजारी सांगेल ते लिहिले जाते, असे होऊ देऊ नका.

आम्ही नमुना ८ च्या जुन्या वह्या मागितल्या. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा आजचा कायदा १९५८ चा. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या वह्या कापडी बांधणीच्या, काही वाळवीने खाल्लेल्या. अलीकडून मागे मागे जात राहिलो. आधी 'बौद्ध विहार' असे नाव. त्यामागे काही वर्षे 'समाजमंदिर'. त्यामागे मालकाच्या रकान्यात एक नाव आले आणि आम्ही तिघेही गप्प झालो. ते नाव आजोबांचे नव्हते. ते एका बाईचे नाव होते. पुढे नवऱ्याचे नाव, आणि आडनावाच्या जागी जात.

जुन्या कागदांत आपल्या माणसांना आडनाव नाही, हे आम्ही पुढेही पाहिले. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, आणि जात, संपले. एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असली तर कोण कोणता हे कागद सांगत नाही. वस्तीच्या पत्त्यातही जातच. महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तोपर्यंत कितीतरी गावांत टपालसुद्धा जातीच्या नावाने येत होते. तेव्हा आपला शोध दुसऱ्यांच्या शोधापेक्षा अवघड असतो, हे मनाशी धरूनच निघावे.

वहीतली ही बाई कोण? आम्ही घरोघर विचारले. कोणाला नाव ओळखीचे वाटेना. शेवटी वस्तीतल्या सर्वांत वयस्कर आजींकडे गेलो. त्यांना नाव वाचून दाखवले तर त्याही नाही म्हणाल्या. मग आम्ही विचारले, "आजी, विहार होण्याआधी तिथे काय होते?" त्या लगेच म्हणाल्या, "काय होते म्हणजे? मावशीचे खोपट होते की! अरे पोरांनो, ती जागा मावशीचीच. आम्ही सगळी तिला मावशीच म्हणायचो. नाव कोण विचारतो?"

म्हणजे बघा. सगळी वस्ती जिला मावशी म्हणत होती, तिचे नाव सगळ्या वस्तीने विसरून टाकले होते. ते उरले होते फक्त वाळवी लागलेल्या वहीत.

आजींनी सांगितले ते असे. मावशी लवकर विधवा झाली. वाड्यांवर मजुरीला जायची, सुकी मासळी टोपलीत घेऊन आतल्या गावांत विकायची. एक मुलगा होता, तो शाळेत असतानाच तापाने गेला. त्यानंतर ती भावाकडे राहायला निघाली. जाण्याआधी तिने वस्तीची बैठक बोलावली. पण ती स्वतः बैठकीत बोलली नाही. त्या काळी बायका दारापाशी उभ्या राहत. तिच्या वतीने आजोबा बोलले. "ही जागा आता सगळ्यांची, इथे पोरांनी शिकावे आणि वंदना व्हावी," असे तिचे म्हणणे त्यांनी सांगितले. लोकांनी ऐकले ते आजोबांच्या तोंडून. पुढे आजोबांनीच दगड आणले, माती तुडवली, भिंती उभ्या केल्या. खूप वर्षांनी पाटी करायची वेळ आली तेव्हा लोकांना बोललेला माणूस आठवला, दिलेली बाई आठवली नाही. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. आजोबा तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्यांनीच ती पाटी बसवू दिली नसती असे आजी म्हणाल्या.

आता आमच्यापुढे प्रश्न पडला. समितीत दोन तट पडले, हे लपवण्यात अर्थ नाही. काही जण म्हणाले, "कशाला उकरून काढता? मावशीचे वारस उभे राहिले आणि जागा मागितली तर? आज इथल्या जागेचा भाव काय आहे? बारा वर्षांच्या वर आपला कब्जा आहे, आता कोण हलवतो?" हे बोलणे अगदीच चुकीचे होते असे नाही. भीती खरी होती. विहार गेला तर पुन्हा उभा करायची ताकद आपल्या वस्तीत नाही.

आम्ही वकिलांना विचारले. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. एक, बारा वर्षांचा कब्जा म्हणून मालकी मागायची तर तो कब्जा मालकाच्या विरुद्ध, त्याचा हक्क नाकारून केलेला असावा लागतो. मालकाच्या खुशीने बसलेल्याला तो मुद्दा लागू पडत नाही. आपण तर मावशीच्या खुशीने बसलो. विरुद्ध बसलो असे कोर्टात सांगायचे म्हणजे तिचे दानच नाकारायचे! दुसरी गोष्ट, जागेचे दान तोंडी होत नाही. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र लेखी, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे लागते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसे कलमच आहे, १२३ वे. म्हणजे मावशीने मनाने दिले, वस्तीने मानाने घेतले, आणि कागदावर मात्र काहीच घडले नाही.

तेव्हा आमच्यातल्या एकाने बैठकीत एवढेच विचारले, "आपण रोज पंचशील घेतो. न दिलेले घेणार नाही असे म्हणतो. ही जागा दिलेली आहे हे खरे. पण जिने दिली तिचे नाव पुसून, दुसऱ्याच्या नावाने ती वापरायची, हे कशात बसते?" त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ठरले की वारस शोधायचे.

भगिनींनो, बंधूंनो, इथे थोडे थांबून आपल्याच परंपरेकडे पाहू. श्रावस्तीच्या जेतवनाची कथा तुम्ही भन्तेजींकडून ऐकली आहे. बाग होती जेत राजकुमाराची. अनाथपिंडिक गृहपतीने जमिनीवर सुवर्णनाणी अंथरून ती विकत घेतली आणि संघाला दिली. थोडी जागा झाकायची राहिली ती जेताने स्वतःच दिली आणि तिथे दरवाजा बांधला. आता गंमत पाहा. दान अनाथपिंडिकाचे, पण नाव राहिले जेतवन, म्हणजे आधीच्या मालकाचे. सुत्तांच्या सुरुवातीला ठिकाण सांगताना दोन्ही नावे येतात, जेताचेही आणि अनाथपिंडिकाचेही. आधी जागा कोणाची होती आणि मग दिली कोणी, हे अडीच हजार वर्षे लोक वाचत आले आहेत.

कान्हेरीच्या लेण्यांत जा. तिथल्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यात व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, घरच्या बायका आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली, आणि दगडात नाव कोरून ठेवले. आणि आपण? साठ वर्षांत एका मावशीचे नाव हरवून बसलो.

सोपारा तर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या मोठ्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. म्हणजे गावाने तिथल्या जुन्या रहिवाशाची आपल्या परीने एक कथा जुळवून घेतली होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड उकरले तेव्हा आत स्तूप निघाला, दगडी पेटीत करंडक निघाले, बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली. १९५६ म्हणजे आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष! जागा आपला मागचा मालक विसरत नाही, माणसे विसरतात.

आपल्या शिरगावच्या किल्ल्याचेच घ्या. मुले तिथे सुट्टीच्या दिवशी खेळतात. तो १७३९ साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला. किल्ल्याचे मालक इतिहासाच्या पुस्तकात मिळतात, झोपडीचे मिळत नाहीत. ते आपणच शोधायचे असतात.

आणि घराचे मोल आपल्याला बाबासाहेबांमुळे कळले आहे. परळच्या दामोदर हॉलजवळची बी. आय. टी. चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात तिथले रहिवासी होते. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, सगळे त्या दोन खोल्यांतून. ते राजगृहात गेल्यावर त्या खोल्यांत दुसरी भाडेकरू कुटुंबे राहिली. दिल्लीत २६, अलीपूर रोड. सिरोहीच्या महाराजांचे ते घर. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब तिथे राहिले, आणि ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या जागेवरचे राष्ट्रीय स्मारक खुले व्हायला १३ एप्रिल २०१८ उजाडावे लागले.

लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहा. विद्यार्थिदशेत बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. पुढे ते घर इतरांच्या मालकीचे होते. ते विक्रीला निघाले आहे हे तिथल्या आपल्या मंडळींच्या लक्षात आले, त्यांनी सरकारांना कळवले, आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ ला त्याचे उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला तिथल्या नगर परिषदेने नकार दिला. अपील झाले, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. सरकारलासुद्धा कागद पुरा करायला पाच वर्षे लागली! मग आपण दोन वर्षांत का कंटाळावे?

तिकडे इंग्लंडात एक सोय आहे. शंभर वर्षे झाली की जनगणनेचे कागद लोकांना खुले होतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. कोणत्या घरात त्या रात्री कोण होते, ते नातवंडे पाहू शकतात. आपल्याकडे जनगणनेची माणसागणिक माहिती कायद्याने गुप्त असते. म्हणून आपल्याला दुसरे कागद धुंडाळावे लागतात. ते कोणते, हे आता क्रमाने सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचे असेल त्यांनी लिहून घ्यावे.

नमुना ८ चे आधी सांगितलेच. दुसरा कागद, जमीन शेतीची होती आणि नंतर त्यावर खोली किंवा चाळ झाली असेल तर सातबारा आणि त्यावरचे फेरफार. सातबाऱ्यावर आजचे नाव दिसते, पण नावाशेजारी फेरफार क्रमांक असतात. तो क्रमांक धरून फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६ पाहिला की नाव कसे लागले ते कळते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कुळकायद्याने. एका फेरफाराने मागचा फेरफार सापडतो. असे मागे मागे जायचे. जुने उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख आता संगणकावर स्कॅन करूनही ठेवले आहेत. आणि ध्यानात ठेवा, जुन्या कागदावर 'तालुका पालघर, जिल्हा पालघर' सापडणार नाही. आपला जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी जिल्हा ठाणे, आणि इंग्रजी अमदानीतल्या कागदांवर तालुका माहीम. मुंबईचे माहीम समजून कोणी कागद बाजूला ठेवू नका! फार जुने कागद मोडीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो.

तिसरा कागद, दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. खरेदीखत नोंदले की त्याची नोंद तिथे होते: कोणी दिले, कोणी घेतले, किती रकमेला. ठरावीक फी भरून कोणीही ती पाहू शकतो. वकील तीस वर्षांचा शोध घेतात तो इथेच.

चौथा कागद आपल्या घरांत आधीच असेल. जात पडताळणीसाठी आपण १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरलो आहोत. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद. काम झाले की आपण ते कागद गुंडाळून ठेवले. पुन्हा उघडून पाहा. आजा-पणजाचे गाव, कधी कधी वस्तीचे नाव त्यात असते.

पाचवा कागद ज्यांच्या घराण्यात वतन होते त्यांच्यासाठी. महार वतनाच्या जमिनी इनाम वर्ग ६-ब म्हणून लिहिल्या जात. या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. नवी शर्त म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही कितीतरी जमिनी साध्या कागदावर हातातून गेल्या. तुमचा आजा जर म्हणत असेल की 'तिकडे आपली जमीन होती', तर ते म्हाताऱ्याचे बोलणे म्हणून सोडू नका. उतारा काढा.

आता एक गोष्ट जरा कडक बोलतो. आपली पोरे नोकरीसाठी बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या आसपास खोल्या घेतात. नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर लाखो रुपये देतात. स्टॅम्पपेपरवरच्या करारनाम्याने किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. आणि आपला जिल्हा आदिवासींचा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल कायद्याचे कलम ३६ आणि ३६-अ तसे सांगते. खोली घेण्याआधी मागचा मालक विचारा. मागचा मालक एखादे वारली कुटुंब असेल आणि त्याला फसवून बाहेर काढले असेल, तर आपली खोली स्वस्त पडली याचा आनंद मानायचा का? आपल्या आजोबांच्या जमिनी ज्या रीतीने गेल्या, त्याच रीतीने दुसऱ्याच्या आपण घ्यायच्या का? पैसे बुडण्याची भीती आहेच. पण भीती नसती तरी हा प्रश्न उरतो.

काही घरे तर शोधायलाही उरत नाहीत. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना गाव सोडावे लागले. तिथले अंगण, तिथली विहीर आता फक्त कागदावर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. म्हणून म्हणतो, म्हातारी माणसे हाही एक कागदच आहे, आणि त्याची नक्कल मिळत नाही. वेळेवर विचारा.

मावशीच्या वारसांकडे वळतो. शाळेच्या जुन्या रजिस्टरात तिच्या मुलाचे नाव सापडले, त्यावरून मूळ गाव कळले, त्या गावातून भावाचे घराणे कळले. भाऊ, भावजय कोणी हयात नव्हते. भावाची मुलगी, म्हणजे मावशीची भाची, आणि तिची भावंडांची मुले मिळून चार वारस निघाले. त्यातला एक बोईसरला कारखान्यात कामाला, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत, आई आणि दोन मुलांसह.

आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा आमचे पाय जड झाले होते. ज्याला स्वतःचे घर नाही, त्याच्याकडे आम्ही जागा मागायला गेलो होतो. आम्ही सगळे खरे सांगितले. जागा कायद्याने तुमच्याकडे येते, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलेच नसते तर आम्हाला कळलेही नसते." आम्ही म्हटले, "म्हणूनच सांगायला आलो." तो म्हणाला, "विचार करतो. खोटे कशाला बोलू, भाव ऐकून मन डगमगते."

त्याने दोन महिने घेतले. त्याला आम्ही एकदाही टोकले नाही. मग एका रविवारी तो आईला घेऊन इथे आला. आईचे वय ऐंशीच्या घरात. त्या विहारात बसल्या, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "आत्या सांगायची, माझ्या घरात आता पोरे शिकतात. आम्हाला वाटायचे, म्हातारी भ्रमात बोलते." मग त्यांनी पाटी वाचून दाखवायला सांगितली. आम्ही वाचली. त्या एवढेच म्हणाल्या, "तिचे नाव नाही होय." बंधूंनो, रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

चार वारसांपैकी तिघांनी बक्षीसपत्रावर सही केली आहे. चौथा सुरतेला असतो, त्याची सही बाकी आहे. तो नाही म्हणालेला नाही आणि हो म्हणालेला नाही. चौथी सही होईपर्यंत त्याचा हिस्सा त्याचाच, म्हणून स्लॅबचे काम आम्ही थांबवून ठेवले आहे. यंदाच्या पावसातही बादल्या मांडाव्या लागतील, त्याबद्दल समितीच्या वतीने तुमची माफी मागतो. वर्गणीचा पैसा बँकेत सुरक्षित आहे, हिशेब फलकावर लावला आहे. सह्या पुऱ्या झाल्या की जागा विहाराच्या नोंदणीकृत न्यासाच्या नावाने धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरीही चढवून घेऊ, म्हणजे पुढच्या पिढीला आमच्यासारखे वणवण फिरावे लागणार नाही.

राहिला प्रश्न आजोबांचा. पाटी बदलायची म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांना वाईट वाटले, आणि ते साहजिक होते. आम्ही आजोबांच्या नातवाला वहीतले पान दाखवले. तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाला, "आजोबांचे नाव काढू नका. पण जे त्यांनी केले तेच लिहा." त्यानेच नव्या पाटीचा खर्च उचलला आहे. जेताचे नाव आणि अनाथपिंडिकाचे नाव जसे शेजारी शेजारी राहिले, तशी नव्या पाटीवर आता दोन नावे आहेत. एक जागा देणाऱ्या मावशीचे, दुसरे भिंती बांधणाऱ्या आजोबांचे.

मावशीचे नाव आम्ही या भाषणात मुद्दाम घेतले नाही. आज मावशीच्या भाचीबाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भाषण संपल्यावर त्यांच्याच हाताने पाटीवरचा पडदा दूर होईल. तेव्हा प्रत्येकाने पुढे जाऊन ते नाव वाचावे, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आणि घरी गेल्यावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारावे, "आपण इथे येण्याआधी या जागेवर कोण राहत होते?" उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवा, तारीख घाला.

एवढे बोलून आम्ही थांबतो. भाचीबाईंना विनंती आहे, त्यांनी पुढे यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!